‘अलूफ’ म्हणजे नेमकं काय? प्रगतिपुस्तकातल्या एका शब्दाची गोष्ट

 रानातून आलेल्या, चुलीपुढं बसलेल्या, मोबाईलवर रेडिओ लावून भाकरी थापणाऱ्या सगळ्या ताई, माई, आक्का, काकूंना आमचा रामराम.

दर वेळी आपण इथं बचतीचं बोलतो, कर्जाच्या हप्त्याचं बोलतो, शेळीच्या लसीचं नाहीतर सोयाबीनच्या बियाण्याचं बोलतो. आज आम्ही एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. शब्द इंग्रजी आहे. तुम्ही म्हणाल, मॅडम, आम्हाला इंग्रजी शब्दाचं काय करायचं? पण हा शब्द आमच्याकडं एका गटाच्या बैठकीत आला, आणि त्या एका शब्दानं आमची पाऊण तासाची बैठक अडीच तास चालली. म्हणून तो तुमच्यापर्यंत आणतो. ज्या ताईंची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच सांगतोय. नाव आणि गाव मात्र बाजूला ठेवतो.

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. १ मेला शाळांचे निकाल लागले होते. त्या ताई बैठकीला आल्या त्या पदराखाली लेकीचं प्रगतिपुस्तक घेऊनच. मुलगी सातवीत, शाळा सेमी इंग्रजी. बचतीचे पैसे जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि ताईंनी हळूच पुस्तक पुढं केलं. म्हणाल्या, “मॅडम, मार्कं तर बरे दिसतेत. पण खाली बाईंनी इंग्रजीत काय लिहिलंय ते बघा बरं. पोरगी सांगंना. विचारलं की तोंड फिरवून आत जाती.”

आम्ही वाचलं. शेऱ्याच्या ओळीत लिहिलं होतं, ‘क्वाएट अँड अलूफ’. क्वाएट म्हणजे शांत, हे आम्हाला ठाऊक होतं. अलूफ म्हणजे काय ते नक्की सांगता येईना. आम्ही बीए झालो खरं, पण मराठी माध्यमातून. न लाजता मोबाईल काढला आणि शब्द टाकला. मोबाईलनं उत्तर दिलं, ‘अलिप्त’.

गटातल्या एक आजी लगेच म्हणाल्या, “मग चांगलंच की ग! अलिप्त म्हंजी संतावाणी. संसारात असून नसल्यावाणी.” दोघी-तिघी हसल्या. ताईंच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. पण दुसरी एक जण, जिची सून बारावी झालेली आहे, ती म्हणाली, “नाही माय, आमची सून म्हणती अलूफ म्हंजी शिष्ट. कुणाला किंमत देत नाही तो.” झालं, ताईंचा चेहरा पुन्हा उतरला. एकाच शब्दाचे दोन अर्थ, एक देवळात नेऊन बसवणारा आणि एक उंबऱ्याबाहेर काढणारा. खरं काय मानायचं?

त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही तो शब्द नीट शोधला. शब्दकोश पाहिले, जाणत्यांना विचारलं. जे हाती लागलं ते आधी सांगतो, मग ताईंच्या लेकीकडं वळतो.

मैत्रिणींनो, अलूफ हा शब्द समुद्रावरचा आहे. आपल्या जालना जिल्ह्याला समुद्र नाही, आपल्यातल्या कितीजणींनी तो पाहिलेलाही नाही. पण शब्दाचं मूळ तिथलं. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी जहाजं शिडावर चालायची, वाऱ्याच्या जोरावर. वारा किनाऱ्याच्या दिशेनं वाहायला लागला की जहाज ढकललं जाऊन खडकावर आपटायची भीती. मग सुकाणू धरणाऱ्याला हुकूम व्हायचा, जहाजाचं तोंड वाऱ्याकडं धर, किनाऱ्यापासून लांब ठेव. जिकडून वारा येतो त्या बाजूला ते ‘लफ’ म्हणायचे. त्यावरून अलूफ. म्हणजे वाऱ्याच्या बाजूला, किनाऱ्यापासून लांब.

आपल्याला हे खळ्यावरच्या उदाहरणानं कळेल. उपणताना आपण वाऱ्याची बाजू धरूनच उभं राहतो की नाही? चुकीच्या बाजूला उभं राहिलं की सगळं भूस डोळ्यांत. तिथं लांब राहणं म्हणजे काही शिष्टपणा नसतो, डोळे वाचवणं असतं. जहाजाचंही तेच. किनाऱ्याचा राग आहे म्हणून ते लांब राहत नव्हतं. फुटू नये म्हणून लांब राहत होतं.

पुढं हा शब्द जहाजावरून उतरला आणि माणसांना चिकटला. आज इंग्रजीत अलूफ म्हणतात ते अशा माणसाला जो चार माणसांत असून नसल्यासारखा राहतो. बोलतो तर मोजकं, हसतो तर ओठातल्या ओठात, कुणाच्या सुखदुःखात फार शिरत नाही आणि आपल्या मनात कुणाला शिरू देत नाही. मांजरीबद्दलही इंग्रजीत हा शब्द फार वापरतात. कुत्रं शेपूट हलवत येतं, मांजर लांबूनच बघते, म्हणून मांजर अलूफ. भांडणापासून कुणी मुद्दाम दूर राहिला, तर तो भांडणापासून अलूफ राहिला असंही म्हणतात. तिथं तो शब्द चांगल्या अर्थानं येतो. पण माणसाचा स्वभाव सांगताना वापरला की त्यात बहुतेक वेळा थोडी नाराजी असते. सांगणाऱ्याला म्हणायचं असतं, हा आपल्यात मिसळत नाही.

याच्या शेजारचे आणखी काही शब्द आपल्या मुलांच्या तोंडी असतात. त्यातला फरक लक्षात ठेवायला सोपा आहे. ‘शाय’ म्हणजे लाजाळू. त्याला मिसळायचं असतं, पण धीर होत नाही. ‘रिझर्व्ह्ड’ हा शब्द तर आपण एसटीत रोज वाचतो. राखीव जागा असते तसा हा माणूस स्वतःला राखून ठेवतो, ओळख पक्की झाली की मोकळा होतो. ‘इंट्रोव्हर्ट’ म्हणजे अंतर्मुख, ज्याला एकटं राहून बरं वाटतं, गर्दीनं शीण येतो. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली आपल्या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन स्वभावांची मांडणी केली, तेव्हापासून हा शब्द जगभर गेला. हा काही दोष नाही, रोग नाही, घडण आहे. आणि ‘कोल्ड’ म्हणजे थंड. ज्याला समोरच्याचं काही वाटतच नाही असा. अलूफ हा या सगळ्यांच्या मधला शब्द. अंतर दिसतं, पण ते अंतर कशामुळं आहे हे तो शब्द सांगत नाही. घोटाळा इथंच होतो.

आता आपली मराठी बघू. मोबाईलनं सांगितलं अलिप्त. अलिप्त म्हणजे जो लिप्त नाही, ज्याला काही माखलेलं नाही. आपण भिंत लिंपतो ना, तोच हा शब्द. सगळ्यात राहून ज्याला काही चिकटत नाही, तो अलिप्त. कमळाच्या पानावर पाणी राहतं पण पान भिजत नाही, तसा.

दुसरा शब्द तटस्थ. तट म्हणजे काठ. जो काठावर उभा राहतो तो तटस्थ. गंमत बघा. इंग्रजी शब्दातला माणूस जहाजात बसून काठापासून लांब राहतो, आणि आपल्या शब्दातला माणूस काठावर उभा राहून पाण्यापासून लांब राहतो. त्यांना काठाची भीती, आपल्याला पाण्याची. पण लांब राहणं तेच.

तिसरा शब्द उदासीन. आज उदासीन म्हटलं की आपण समजतो दुःखी, नाहीतर ज्याला कशाची पर्वा नाही असा. ‘शासन उदासीन आहे’ असं पेपरात वाचतो. मूळ संस्कृतात याचा अर्थ बाजूला बसलेला. भांडणाऱ्या दोघांपैकी कुणाचीच बाजू न घेणारा. त्यात दुःख नव्हतं. शब्दांचे अर्थ असे चालत चालत कुठल्या कुठं जातात.

हे सगळे झाले पोथीतले शब्द. आपल्या रोजच्या तोंडात काय आहे? तुटक. ‘ती तुटक वागते.’ फटकून राहते. चार हात लांब असते. कोरडं बोलते. हातचं राखून वागते. आम्हाला विचाराल तर अलूफला सगळ्यात जवळचा आपला शब्द तुटक हाच. आणि या शब्दात एक शहाणपण आहे. जे तुटलं ते कधीतरी जोडलेलं होतं, हे तो शब्द आपोआप सांगतो. इंग्रजी शब्द ते सांगत नाही, आणि अलिप्तही सांगत नाही.

कोरडा हा शब्दही आपण दुष्काळी भागातल्या बाया जितका ओळखतो तितका कुणी ओळखत नसेल. वरून भेगा पडलेली जमीन दिसते, पण हातभर उकरलं की कधीकधी ओल लागते. म्हणूनच आपण मायेला ओलावा म्हणतो.

आता अलिप्त आणि तुटक यातला फरक सांगायला आपल्या जिल्ह्यातलंच एक मोठं उदाहरण आहे. घनसावंगी तालुक्यातलं जांब, आपण जांब समर्थ म्हणतो. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली रामनवमीला तिथला. त्यांचं मूळ नाव नारायण, वडील सूर्याजीपंत ठोसर, आई राणूबाई. लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ शब्द ऐकला आणि नारायण मंडपातून निघून गेला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. नाशिकजवळ टाकळीला त्यांनी बारा वर्षं तप केलं, पुढं बारा वर्षं देशभर फिरले. संसार सोडला, लग्न केलं नाही. यापेक्षा अलिप्त माणूस कुठला? पण परंपरेनं पुढची गोष्टही सांगितली जाते. ते चोवीस वर्षांनी जांबला परत आले, दारात उभे राहिले. मुलाच्या वाटेकडं डोळे लावून आईची दृष्टी गेली होती. त्यांनी आईला हाक दिली, तिच्या डोळ्यांवरून हात फिरवला. संसारापासून अलिप्त राहिलेला तो माणूस आईपासून तुटला नव्हता. आम्हाला वाटतं, अलिप्त माणसाची ओळख हीच. त्याला कशाचा लोभ नसतो, पण हाक दिली की तो ओ देतो. तुटक माणसाला हाक ऐकू येते, पण ओ देता येत नाही. त्याचं काहीतरी आत अडलेलं असतं.

मग ताईंची लेक कोण? अलिप्त की तुटक?

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं असंच सांगितलं. जहाजाचं सांगितलं, खळ्याचं सांगितलं. फुटू नये म्हणून लांब राहणारं जहाज, एवढं ऐकलं आणि ताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कुणी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं त्या आपणच बोलल्या.

ताई आणि त्यांचे मालक ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळं जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. उसाच्या फडाजवळ कोपी घालायची, पहाटे अंधारात उठायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. लेक चौथीपर्यंत त्यांच्याबरोबर जायची. शाळा बुडते म्हणून पाचवीपासून तिला आजीकडं ठेवली. लेकीच्या भल्यासाठीच.

ताई म्हणाल्या, “पहिल्या वर्षी निघताना पोरगी गाडीमागं पळत आली. वेशीपर्यंत आली. म्या गाडीतून बघत होते. ते पाच महिने माझ्या डोळ्यांपुढून गेलं नाही. मग दुसऱ्या वर्षी म्या ठरवलं, तिच्याकडं बघायचंच नाही. जायच्या आठ दिवस आधीपासून तिच्याशी बोलणंच कमी केलं. उगं वसवस करायची. माया लावली की पाय उचलत नाही हो मॅडम. आणि तिसऱ्या वर्षी, म्हंजी या वर्षी, म्या निघाले तर पोरगीच घरात नव्हती. दळण घेऊन गेली होती. आली नाही शेवटपर्यंत. मला वाटलं, बरं झालं, सवय झाली पोरीला.”

मैत्रिणींनो, बैठकीत कुणी हालचाल केली नाही. आई लेकीशी तुटक वागली, मायेपोटी. लेक आईशी तुटक वागली, तीही मायेपोटी. दोघी आपापलं जहाज किनाऱ्यापासून लांब ठेवत होत्या. आणि लांब राहायची सवय एकदा लागली की ती एकाच माणसापुरती राहत नाही. पोरगी शाळेतही लांब राहायला लागली. मैत्रीण केली तरी तीही उद्या जाईल, मग कशाला करा? शाळेतल्या बाईंनी जे पाहिलं ते लिहिलं. त्यांचा शेरा खोटा नव्हता, पण तो अर्धाच होता.

ज्या आजी पहिल्या दिवशी संतावाणी म्हणाल्या होत्या त्या म्हणाल्या, “माय, आपल्याला वाटतं लेकराला कळत नाही. लेकराला सगळं कळतं, फक्त सांगता येत नाही.”

आम्हाला त्या दिवशी आणखी एक गोष्ट उमगली. आम्ही स्वतः किती जणींना असे शेरे दिलेत! गटात एखादी गप्प बसली की आपण म्हणतो, ती आतल्या गाठीची. नवी सून बोलली नाही की तोऱ्यातली, शिष्ट, माहेरच्या पैशाची घमेंड. एकटी राहणारी दिसली की माणूसघाणी, घुमी. आणि तोच पुरुष गप्प असला तर? तेव्हा आपण म्हणतो, मालक फार शांत, गंभीर स्वभाव. बाईच्या गप्प बसण्याला आपण खोट म्हणतो आणि पुरुषाच्या गप्प बसण्याला वजन म्हणतो. दोन्ही चुकीचं आहे. बाईचं गप्प बसणं कधी भीतीचं असतं, कधी माराचं असतं, कधी थकव्याचं असतं. आणि पुरुषाचं ते वजन कधीकधी त्याला एकट्यालाच पेलत नसतं. कर्ज, नापिकी, लेकीचं लग्न, सगळं आत दाबून जो माणूस घरात असून नसल्यासारखा वावरतो, त्याला गंभीर म्हणून सोडून देऊ नका. आपल्या मराठवाड्यानं या गप्प बसण्याची फार मोठी किंमत मोजली आहे.

म्हणून तुटक माणूस दिसला की आधी तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, हा स्वभाव आहे का? लहानपणापासून कमी बोलतो, पण आपलं काम, जेवणखाण, झोप ठीक आहे, एक-दोन माणसांशी जीवाभावाचं आहे. मग त्याला तसंच राहू द्या. ‘बोल की, बोल की’ म्हणून मागं लागू नका. सगळीच झाडं काही गुलमोहरासारखी फुलत नाहीत.

दुसरी, ही जखम आहे का? आधी बोलायची, आता बोलत नाही. कुणीतरी गेलं, कुणीतरी बोललं, काहीतरी लपवावं लागतंय. इथं प्रश्नांची सरबत्ती उपयोगाची नाही. जवळ बसायचं. भाजी निवडता निवडता, कापूस वेचता वेचता बोलणं निघतं. समोरासमोर बसवून ‘काय झालं सांग’ म्हटलं की दार आणखी घट्ट होतं.

तिसरी, हा आजार आहे का? दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, नाहीतर सारखी झोपच. जेवण तुटलं, कशातच मन लागत नाही, अंघोळ-पाणी सोडलं, ‘माझं असून काय उपयोग’ असं तोंडातून निघतं. मग हे मनाच्या आजाराचं लक्षण असू शकतं, आणि ताप आल्यावर जसं दवाखान्यात नेतो तसंच इथंही न्यायचं. आशाताईंना सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात, जिल्हा रुग्णालयात दाखवा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुन्हा सांगतो, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, रात्री-अपरात्री कधीही लागते, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं. आणि जो माणूस जीव देण्याचं बोलतो, त्याला एकटं सोडायचं नाही. बोलतो तो करत नाही, हा समज खोटा आहे.

आता ताईंच्या लेकीचं काय झालं ते सांगतो. फार मोठा चमत्कार झाला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ताईंनी ऊसतोड सोडली नाही. सोडता येण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्यांच्यासारख्यांच्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहं असतात, त्याचीही चौकशी आम्ही केली. पण आजी एकटी पडेल म्हणून मुलगीच नको म्हणाली. मग गटानं ठरवलं, जाणं बदलता येत नाही, तर जाण्याची रीत बदलू.

पहिलं, जायची तारीख लेकीपासून लपवायची नाही. कळली की त्याच दिवशी सांगायची. दोघींनी मिळून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची, आणि अंदाजे परत यायच्या महिन्यावरही. दुसरं, निघताना लेकीकडं बघायचं. रडू आलं तर येऊ द्यायचं. तिसरं, रात्री फोन. पण गाडी कधी भरायला लागेल याचा नेम नसतो, फोन चुकतो आणि लेकरू वाट बघत बसतं. म्हणून ताईंना आवाजाचा निरोप पाठवायला शिकवलं. दोन वाक्यं का होईना, ‘आज गाडी उशिरा भरली, तू जेवलीस का’. लेक सकाळी ऐकते. चौथं, आईच्या बचतीचे शंभर रुपये दर महिन्याला लेकीनंच बैठकीत आणून द्यायचे.

हे चौथं आम्ही सहज सुचवलं होतं, हप्ता चुकू नये म्हणून. पण तेच सगळ्यात कामाला आलं. दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीला मुलगी आली, पैसे ठेवले, सही केली, वळली आणि गेली. पाच मिनिटं सुद्धा थांबली नाही. दुसऱ्या वेळी आजींनी तिला शेंगा दिल्या, ती शेंगा फोडेपर्यंत बसली. तिसऱ्या वेळी आमच्या सचिवताईंची बेरीज चुकत होती. मुलगी मागून बघत होती. हळूच म्हणाली, “काकू, तिथं हातचा एक राहिला.” सगळ्या जणी थांबल्या. बरोबर होतं. हातचा एकच राहिला होता. त्यानंतर वही तपासायचं काम तिचंच झालं.

या वर्षी ताई निघाल्या तेव्हा मुलगी दळणाला गेली नाही. दारात उभी राहिली. बोलली काहीच नाही, पण आईच्या हातात एक पिशवी दिली. त्यात मोबाईलचं चार्जर होतं. ताईंनी दर वर्षी विसरलेलं.

ती आजही कमी बोलते. तो कदाचित तिचा स्वभावच असेल, आणि असला तर असू दे. पण आता तिला हाक दिली की ती ओ देते.

तर मैत्रिणींनो, पुन्हा त्या शब्दाकडं येतो. अलूफ शब्द वापरायचाच असेल तर कसा वापरायचा? इंग्रजीत तो माणसाला चिकटवतात, ‘ती अलूफ आहे’. मराठीत आपण म्हणतो, ‘ती तुटक वागते’. आहे आणि वागते, यात फार अंतर आहे. आहे म्हटलं की शिक्का बसला. वागते म्हटलं की पुढं विचारता येतं, का वागते? कधीपासून वागते? कुणाशी वागते? सगळ्यांशी की फक्त माझ्याशी? आपल्या लेकरांच्या पुस्तकात असा शब्द आला तर शाळेत जा, बाईंना-सरांना भेटा. भांडायला जाऊ नका, सांगायला जा. घरची जी गोष्ट त्यांना दिसत नाही ती त्यांना कळली की त्यांनाही मदत करता येते. ताई गेल्या होत्या. बाईंनी मुलीला दुसऱ्या बाकावर, एका बोलक्या मुलीशेजारी बसवलं. तेवढंच, पण तेवढं झालं.

जाता जाता तुमच्यासाठी एक काम. पुढच्या बैठकीत हिशेब संपला की पाच मिनिटं राखून ठेवा. गटात जी सगळ्यात कमी बोलते तिच्या शेजारी बसा. तिला काही विचारू नका. फक्त म्हणा, तू मागच्या वेळी आली नव्हतीस, चुकल्यासारखं वाटलं. आणि घरी जाऊन स्वतःलाही विचारा, मी कुणाशी तुटक वागते का? कशाच्या भीतीनं?

सांगावंसं वाटलं तर पुढच्या बैठकीत सांगा, नाहीतर आम्हाला रेडिओवर कळवा. आम्ही ऐकायला बसलो आहोत.

नमस्कार.